मामांच्या चौकोनी निगेटिव्हज, आरबी ६७ आणि एकच एनलार्जर

पत्र :

ताई, माझे मामा मिरजेत फोटो स्टुडिओ चालवायचे. ते गेल्यावर १२० फिल्मच्या निगेटिव्हजचे डबे माझ्याकडे आले. सगळ्या ६×६ सेंटीमीटरच्या, याशिका-मॅट कॅमेऱ्यावर काढलेल्या. काहींवर पेन्सिलीचं रिटचिंग आहे. मी स्वतः मामिया आरबी ६७ वापरते, फिल्म घरीच धुते, आता प्रिंटही घरीच करायच्या आहेत, फक्त कृष्णधवल. तीन ठिकाणांहून एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायचं यंत्र, मिळू शकतो. पुण्यात एकाकडे डर्स्ट एम ६०५ आहे, कलर हेडसकट, अगदी नव्यासारखा, पण सोबत फक्त ५० मिमीची लेन्स आहे. सांगलीत बंद पडलेल्या एका स्टुडिओत जुना, कंपनीचं नाव नसलेला कंडेन्सरवाला एनलार्जर आहे. त्यात ६×९ पर्यंतची निगेटिव्ह बसते आणि सोबत १०५ मिमीची एफ/४.५ लेन्स आहे. आणि न्यू जर्सीतला माझा भाऊ म्हणतो, तिकडे बेसलर २३सी स्वस्तात मिळतोय, पाठवू का? कोणता घेऊ? लेन्स ७५, ८०, ९० की १०५? एफ/२.८ ची मिळाली तर जास्त चांगली का? आणि कंडेन्सर बरा की डिफ्यूजर?

– एक वाचक, सांगली

उत्तर :

पुण्याचा डर्स्ट सोडून द्या. यंत्र उत्तम आहे. इटलीतल्या या कंपनीचे एनलार्जर आजही हाताळायला सुख वाटतं, आणि तुमच्याकडे फक्त मामांच्या निगेटिव्हज असत्या तर मी तुम्हाला उद्याच पुण्याला जायला सांगितलं असतं. पण एम ६०५ ची धाव ६×६ पर्यंतच. मामांची फ्रेम ५६ मिमी बाय ५६ मिमी आहे, तुमच्या आरबीची ५६ बाय जवळपास ७०. म्हणजे तुमच्या प्रत्येक फोटोचा पाचवा हिस्सा कॅरिअरच्या, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीच्या, पत्र्याआड जाणार. आरबीसारखा जड कॅमेरा खांद्यावर वागवायचा, भलीमोठी निगेटिव्ह मिळवायची आणि प्रिंट करताना ती कापायची, हे मला पटत नाही. आपल्याकडची सगळ्यात मोठी निगेटिव्ह कोणती, हे आधी ठरवायचं आणि एनलार्जर तिच्या मापाचा बघायचा. लहान निगेटिव्ह मोठ्या एनलार्जरमध्ये चालते. उलटं कधीच जमत नाही.

बेसलर २३सी मजबूत आहे आणि ६×९ पर्यंत जातो, त्यामुळे मापाची अडचण नाही. तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्टचा असला तरी साध्या कंडेन्सर हेडमध्ये नुसता स्क्रूचा बल्ब असतो. इथल्या इलेक्ट्रिशियनकडून होल्डर आणि वायर तपासून घेतली आणि २३० व्होल्टचा बल्ब लावला की काम होतं. अडतं ते वजनाशी. लांब खांब, लोखंडी अंग, काचेची भिंगं, हे सगळं समुद्रापलीकडून आणायचं म्हणजे भाडं आणि कस्टम मिळून यंत्राच्या किमतीच्या कितीतरी वर जाणार, आणि वाटेत खांब वाकला तर इथे सुटा भाग मिळणार नाही. भावाला एनलार्जर पाठवायला सांगू नका, लेन्स आणायला सांगा. ती खिशात मावते.

उरला सांगलीतला बिननावाचा. माझं मन त्याच्याकडे झुकतंय, पण पैसे देण्याआधी तो नीट तपासून घ्यावा लागेल. आपल्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओंतून अशा एनलार्जरनी वर्षानुवर्षं पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि भिंतीवरची मोठी पोर्ट्रेट काढली आहेत. नावाची पट्टी नाही म्हणून कमी लेखू नका, आणि मजबूत दिसतो म्हणून डोळे झाकून विश्वासही ठेवू नका.

चार गोष्टी बघायच्या. खांब आधी. हेड, म्हणजे दिवा आणि लेन्स असलेला वरचा भाग, सगळ्यात वर नेऊन घट्ट करा आणि बोटाने हलकेच ढकला. थरथर दोन-तीन सेकंदांत थांबली तर ठीक. हेड डुलत राहिलं, किंवा घट्ट करूनही हळूहळू खाली सरकत असेल, तर पुढे बघू नका. किंचित थरथर असेल तर खांबाचं टोक एका पट्टीने भिंतीला बांधता येतं, आणि त्याने आश्चर्यकारक फरक पडतो.

मग बेलोज, म्हणजे निगेटिव्ह आणि लेन्सच्या मधला घड्यांचा भाता. खोलीत पूर्ण काळोख करा, लेन्सवर झाकण ठेवा आणि दिवा लावा. बेलोजच्या घड्यांतून तारे चमकले तर भोकं आहेत. चार-दोन भोकं काळ्या कापडाच्या पट्टीने बुजतात. चामडं कडक होऊन घड्याच तुटत असतील तर नवे बेलोज शिवून घ्यावे लागतील, तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे निगेटिव्ह, लेन्स आणि खालचा फळा, तिन्ही एकमेकांना समांतर आहेत का. नसतील तर जगातली कुठलीही लेन्स तुम्हाला चारही कोपरे एकदम तीक्ष्ण देणार नाही. दुकानातली छोटी पाणसळ फळ्यावर, कॅरिअरच्या जागेवर आणि लेन्सच्या पट्टीवर ठेवून अंदाज घ्या. पक्की खात्री हवी असेल तर १२० फिल्मचा पूर्ण काळा झालेला, धुतलेला तुकडा घ्या आणि इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या मॅट थरावर, टाचणीने मधोमध आणि चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या ओरखडा. तो कॅरिअरमध्ये घाला, लेन्स पूर्ण उघडी ठेवा, मधल्या फुलीवर फोकस करा आणि ग्रेन फोकसर (फोकस तपासायचं छोटं भिंग) एकेका कोपऱ्यात नेऊन बघा. एकाच बाजूचे दोन कोपरे मऊ दिसले तर काहीतरी तिरकं आहे. चारही सारखेच मऊ असतील तर दोष लेन्सचा किंवा वाकलेल्या निगेटिव्हचा. जुन्या यंत्रात तिरकेपणा बहुतेक वेळा लेन्सच्या पट्टीखाली पातळ पत्र्याचा तुकडा सरकवून काढता येतो, त्यामुळे एवढ्यावरून नकार देऊ नका. फक्त तो किती आहे ते कळू द्या.

चौथी गोष्ट, प्रकाश सगळीकडे सारखा पडतो का. निगेटिव्ह न घालता, लेन्सचं छिद्र एफ/८ ला ठेवून कागदावर मधला करडा रंग येईल एवढंच एक्सपोजर द्या आणि प्रिंट धुवा. डोळा प्रकाशातला फरक सहज माफ करतो, कागद करत नाही. मध्यभाग गडद आणि कोपरे फिके आले तर कोपऱ्यांत प्रकाश कमी पोचतोय. बल्ब वर-खाली सरकवून बघा, बहुतेक कंडेन्सर हेडमध्ये तशी सोय असते. या चाचणीसाठी कागद मात्र ताजा हवा. स्टुडिओच्या कपाटात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद शिल्लक असेल तर तो आठवण म्हणून जरूर जपा, चाचणीला वापरू नका. इतक्या जुन्या कागदावर स्वतःचंच करडं धुकं चढलेलं असतं आणि त्यात यंत्राचा दोष लपतो. इलफर्डचं किंवा फोमाचं छोटं पाकीट घ्या.

कॅरिअर मागायला विसरू नका. कॅरिअर, कंडेन्सरची भिंगं आणि लेन्सची पट्टी हे तीन भाग यंत्रासोबत नसतील तर बिननावाच्या एनलार्जरसाठी ते नंतर कुठूनही मिळणार नाहीत. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने काहीतरी जुळतं, पण नशिबावर खरेदी करू नये. ६×६ आणि ६×७ साठी वेगळ्या पट्ट्या नसल्या तरी हरकत नाही, काळ्या जाड कागदाच्या चौकटी कापून घेता येतात.

मध्यम आकाराच्या निगेटिव्हला मी काचेचाच कॅरिअर सुचवेन. बल्बच्या उष्णतेने निगेटिव्ह मधोमध फुगते आणि फोकस केल्यावर काही सेकंदांत ती जागची हलते. ३५ मिमीत हे फारसं जाणवत नाही, ६×७ मध्ये ठळक दिसतं. दोन काचांमध्ये ती सपाट राहते. किंमत धुळीने मोजावी लागते. दोन काचांच्या चार बाजू आणि फिल्मच्या दोन, अशा सहा बाजू प्रत्येक वेळी ब्लोअरने साफ करायच्या. फिल्मची चकचकीत बाजू वर असते, ती साध्या काचेला चिकटली की तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं उमटतात. त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. म्हणून वरची काच अँटी-न्यूटन, म्हणजे किंचित खरबरीत हवी. खालच्या बाजूला इमल्शन असतं, ते मुळातच मॅट असल्याने तिथे साधी काच चालते.

आता लेन्स. नियम साधा आहे. लेन्सची फोकल लांबी निगेटिव्हच्या कर्णाएवढी किंवा थोडी जास्त हवी. ६×६ चा कर्ण ७९ मिमी, म्हणून ८० ची लेन्स. ६×७ चा कर्ण ८९ मिमी, म्हणून ९० किंवा त्यापुढची. ५० मिमीची लेन्स ३५ मिमी फिल्मसाठी असते, ती चौकोनी निगेटिव्हचे कोपरेच झाकणार नाही, त्यामुळे पुण्याच्या डर्स्टवर तुम्हाला लेन्स वेगळी घ्यावीच लागली असती. ८० ची काही लेन्स बंद केल्यावर ६×७ लाही पुरते, पण तिथे कोपरे ताणावर असतात. तुमची आरबी फ्रेमभर वापरायची आहे, तर मग ताण कशाला?

तुम्हाला एकच लेन्स घ्यायची असेल तर ९० मिमी घ्या. ती सहज मिळत नाही. न मिळाल्यास १०० किंवा १०५. लांब लेन्सला उंच खांब लागतो, म्हणून सांगलीला जाताना मापपट्टी न्या. आरबीच्या निगेटिव्हवरून ११×१४ इंचांची प्रिंट काढायला १०५ मिमीच्या लेन्सला निगेटिव्हपासून कागदापर्यंत साधारण ७७ सेंटीमीटर लागतात, ९० ला ६६. १६×२० ला हेच आकडे ९९ आणि ८५ होतात. मामांच्या चौकोनी निगेटिव्हवरून १२ इंचांचा चौकोन काढायचा तर १०५ ला ८०, ९० ला ६९ आणि ८० ला ६१. हेड पूर्ण वर नेऊन कॅरिअरपासून फळ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून इझलची, म्हणजे कागद धरणाऱ्या चौकटीची, जाडी वजा करा. आकडा ८० च्या आसपास आला तर १०५ वर तुमच्या बहुतेक प्रिंट होतील. ७० च्या खाली आला तर ९० साठी थांबा.

स्टुडिओतली १०५ एफ/४.५ बहुधा तीन किंवा चार भिंगांची असेल. तिला लगेच टाकू नका. आपण मोठ्या निगेटिव्हवरून छापतो तेव्हा लेन्सवर काम कमी पडतं. ८×१० साठी ३५ मिमीची निगेटिव्ह आठपटीहून जास्त मोठी करावी लागते, तुमची आरबीची चौपटीहूनही कमी. त्यामुळे चार भिंगांची स्वच्छ लेन्स एफ/११ ला ८×१० वर इतकी चांगली छापते की सहा भिंगांच्या लेन्सशी फरक शोधायला भिंग लागेल. ११×१४ च्या पुढे, विशेषतः कोपऱ्यांत, सहा भिंगांची लेन्स दिसून येते. भावाला सांगायची असतील तर ही नावं द्या: श्नायडरची कॉम्पोनॉन-एस १०० एफ/५.६, रोडेनस्टॉकची रोडागॉन ९० एफ/४ किंवा १०५ एफ/५.६, निकॉनची ईएल-निक्कॉर १०५ एफ/५.६, फुजिनॉन ईएक्स ९० एफ/५.६. एनलार्जर लेन्समध्ये ३९ मिमीची चूडी, म्हणजे बसवायचे आटे, सगळ्यात जास्त दिसते. तुमच्या पट्टीचं भोक मोजून कळवा, नाहीतर लेन्स येईल आणि बसणार नाही.

एफ/२.८ चा आग्रह सोडा. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं, आणि मोठ्या छिद्राचा उपयोग फोकस करताना चित्र उजळ दिसण्यापुरता. छापताना लेन्स एक-दोन स्टॉप (छिद्राचे टप्पे) बंद करूनच वापरायची असते, एफ/५.६ ची असेल तर एफ/८ ते ११. तिथे ती सगळ्यात तीक्ष्ण असते, आणि एक्सपोजरही दहा-वीस सेकंदांचं येतं, म्हणजे बर्निंग-डॉजिंगला, प्रिंटचा एखादा भाग गडद किंवा फिका करायला, हात फिरवायला वेळ मिळतो. एफ/२२ वर जाऊ नका, तिथे विवर्तनाने तीक्ष्णपणा पुन्हा उतरतो.

एफ नंबरपेक्षा आपल्या हवेत लेन्सची प्रकृती बघायची. पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा पांढुरका पडदा दिसला तर आतली धूळ-तेलाची वाफ. धुळीचे चार कण काहीच बिघडवत नाहीत, पडदा मात्र फार बिघडवतो, आणि तोही अनपेक्षित जागी. कॅमेऱ्यात फ्लेअर आला की सावल्या फिकट होतात. एनलार्जरमध्ये उलटं. निगेटिव्हच्या पारदर्शक भागातून, म्हणजे प्रिंटमधल्या सावल्यांतून, सर्वात जास्त प्रकाश येतो, तो पसरून प्रिंटच्या पांढऱ्या भागावर सांडतो. मग नऊवारीचं पांढरं काठपदर, आकाश, चेहऱ्यावरचा उजेड, सगळं मळकट करडं होतं, आणि आपण बिचाऱ्या डेव्हलपरला दोष देत बसतो. पांढरे भाग उजळत नसतील तर कागदाचा ग्रेड, म्हणजे काँट्रास्टची पातळी, बदलण्याआधी लेन्स टॉर्चसमोर धरा. पडदा असलेली लेन्स चांगल्या कारागिराकडून उघडून साफ होऊ शकते. भिंगावर बुरशीने ओरखडे कोरले असतील तर मात्र होणार नाही.

कंडेन्सर की डिफ्यूजर, हा वाद जुना आहे आणि तुमच्या बाबतीत मामांची पेन्सिल त्याचा निकाल देते. कंडेन्सर प्रकाश एका दिशेने सरळ पाठवतो. त्याने प्रिंटचा काँट्रास्ट वाढतो आणि निगेटिव्हवरचा प्रत्येक ओरखडा, धूळ, बुरशीचा डागही उठून येतो. डिफ्यूजरचा प्रकाश चहूबाजूंनी येतो, त्यात बारीक ओरखडे विरतात. निगेटिव्हच्या दाट भागांत कंडेन्सरचा प्रकाश विखुरला जातो म्हणून हा फरक पडतो. १९०९ मध्ये आंद्रे कॅलिअर यांनी तो मोजला, आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. रिटचिंग केलेल्या, डब्यात पडून राहिलेल्या निगेटिव्हजना मवाळ प्रकाश मानवेल. तुमच्या स्वच्छ नव्या निगेटिव्हजना कंडेन्सर छान चालेल. एकाच यंत्रात दोन्ही हवं असेल तर कंडेन्सरच्या वर फिल्टरचा ड्रॉवर असतो, तिथे दुधी काच ठेवा. प्रकाश एक-दोन स्टॉप उतरेल, चित्र मऊ होईल. अ‍ॅक्रिलिक ठेवायचं असेल तर फक्त एलईडी बल्बसोबत. मोठ्या साध्या बल्बखाली ते वाकतं. ड्रॉवर असेल तर काँट्रास्ट बदलणारे इलफर्डचे मल्टिग्रेड फिल्टर्सही तिथेच बसतात, ००पासून ५ पर्यंत. ड्रॉवर नसला तर लेन्सखाली बसणारा होल्डर घ्या.

आणि तुमच्या स्वतःच्या फिल्म यापुढे कंडेन्सरसाठी धुणार असाल तर डेव्हलपिंगचा वेळ थोडा कमी करा, म्हणजे निगेटिव्ह फार दणकट होणार नाही. किती, ते एका रोलवर अजमावून बघा.

विजेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण या एका गोष्टीने बऱ्याच जणांना हैराण केलंय. साध्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. म्हणजे २३० ऐवजी २०७ व्होल्ट आले, दहा टक्केच उतरले, तर प्रकाश जवळजवळ ३० टक्के उतरतो. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की तुमची टेस्ट स्ट्रिप, म्हणजे एक्सपोजर ठरवायची चाचणीची पट्टी, खोटी ठरली. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. रिले पद्धतीचा टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, तो इथे नको. किंवा चांगल्या ड्रायव्हरचा दुधी एलईडी बल्ब लावा. तो व्होल्टेज सांभाळतो आणि तापत नाही. त्यात निळा-हिरवा प्रकाश वेगळ्या प्रमाणात असतो, म्हणून मल्टिग्रेडच्या प्रत्येक फिल्टरवर एकदा पट्टी काढून बघा, सगळे ग्रेड खरोखर येतात का. आणि बल्बचा वरचा अर्धाच भाग उजळतो की पूर्ण, हे बघून प्रकाशाची चाचणी पुन्हा करा.

सांगलीला जाताना सोबत घ्या: मापपट्टी, पाणसळ, टॉर्च, फुल्या ओरखडलेली फिल्म, ताज्या कागदाचं पाकीट, आणि ग्रेन फोकसर असेल तर तो. स्टुडिओत डेव्हलपर आणि ट्रे मिळतील का ते आधी विचारून ठेवा. खांब डळमळीत निघाला किंवा कंडेन्सरचं एखादं भिंग हरवलेलं असेल, तर नमस्कार करून परत या आणि ६×७ किंवा ६×९ ची वाट बघा. डर्स्ट एम ६७०, एलपीएल ७७००, मिओप्टा मॅग्निफॅक्स ही नावं ऐकू आली की लगेच चौकशी करा. खांब ठणठणीत, कॅरिअर आणि भिंगं जागच्या जागी असतील, तर यंत्र घ्या. सोबतची १०५ टॉर्चखाली स्वच्छ दिसली तर पहिले काही महिने तिच्यावरच ८×१० छापा, भावाला घाईने लेन्स घ्यायला लावू नका. चौकोनी निगेटिव्हजपैकी रिटचिंग नसलेली, नीट एक्सपोज झालेली एक आधी निवडा. पेन्सिलवाल्या नंतर.